न पडलेल्या पावसाची नोंद

श्रावणातला तिसरा बुधवार, शाळेची प्रार्थना आटोपल्यावर. जागा: आमच्या गावच्या शाळेचं मैदान, पूर्वेकडचा कोपरा, जिथे तारेच्या कुंपणात हवामानाचं यंत्र उभं आहे. हजर: मी (शाळेची लिपिक), मुख्याध्यापक, शिपाई, धोंडी घेऊन आलेली पोरं, माझी शेजारीण, जिला मी वहिनी म्हणते, आणि तिच्यामागे गल्लीतल्या सात-आठ बाया, हातात पाण्याचे तांबे आणि कळश्या. गैरहजर: पाऊस, आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. पाऊस बऱ्याच दिवसांपासून गैरहजर होता. मिस्त्री त्या दिवशी सामान आणायला नेरच्या बाजारात गेला होता. त्याची गैरहजेरी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे सगळं त्याच्यावर आलं.

धोंडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पावसाने ओढ दिली की पोरं कमरेला निंबाचा पाला गुंडाळतात, मुसळाला बेडूक बांधतात आणि पावसाला हाका मारत घरोघर फिरतात. बाया दारात येऊन त्यांच्यावर पाणी ओततात, सुपातून मूठभर धान्य देतात. बेडूक शेवटी नाल्यात सोडतात. तो जिवंत सुटला का, हे पाहून यायला मी दर वेळी शिपायाला पाठवते.

त्या वर्षी धोंडी पहिल्यांदाच शाळेत शिरली. मी वहिनीला कारण विचारलं.

"मारुतीले पानी घातलं, पाराले घातलं, आता हेच एक राह्यलं," ती म्हणाली आणि यंत्राकडे हात केला. "हे तापते म्हनून ढग फाटून राह्यले. याले थंड करतो."

"वहिनी, ती शासकीय वस्तू आहे."

"अवो बाई, मंग मारुती का खासगी हाये?"

बाया हसल्या. मुख्याध्यापक म्हणाले, घालू द्या हो, पाणीच तर आहे. आणि ते फोन घ्यायला आत गेले. कुंपणाच्या फाटकाला कुलूप नव्हतं. कुलूप द्या म्हणून मी यंत्र बसवणाऱ्यांना दोनदा कळवलं होतं. वहिनी आत गेली. खांबाला हळद-कुंकू लावलं. खांबाच्या बाजूला कमरेइतक्या उंचीवर एक पांढरा डबा आहे, वरून उघडा, आत नरसाळं बसवलेला. तिने त्यात तांब्या रिकामा केला. मागच्या बायांनीही पाणी तिथेच ओतलं, कारण ते यंत्राचं तोंड वाटत होतं. पोरांनी अंगावरचा पाला यंत्रावर उधळला. पाच-दहा मिनिटांत सगळे गेले आणि मी फी-पावत्यांच्या कामाला लागले.

आता त्या यंत्राबद्दल. दोन पावसाळ्यांपूर्वी एक गाडी आली, चार माणसं उतरली, सिमेंट ओतलं, खांब उभा केला आणि गेली. मागे एक पत्र्याची पाटी राहिली: शासकीय मालमत्ता, हात लावू नये. एवढंच. हे काय मोजतं, कशासाठी मोजतं, मोजलेलं कुठे जातं, यातलं काही त्या पाटीवर नव्हतं. गावात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, हवामान. म्हणजे त्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

न सांगितलेल्या गोष्टीची जागा रिकामी राहत नाही, हे मला शाळेच्या कार्यालयात बसून चांगलं ठाऊक आहे. शिष्यवृत्ती आठ दिवस उशिरा आली तर मी ती खाल्ली असं होतं. इथे तर नुसता खांब होता, आणि वर तीन वाट्या गरगर फिरत होत्या. त्या वाट्या वाऱ्याचा वेग मोजतात. पण गावाने काय पाहिलं होतं? कोरड्या दिवसांत वाट्या जोरात फिरतात. पाऊस लागला की मंदावतात. हे निरीक्षण खरं होतं. आमच्याकडे ढग घेऊन जाणारा वारा सुटला की वाट्या भिंगरीसारख्या फिरायच्याच. लोकांनी नीट पाहिलं आणि उलटं जोडलं: वाट्या फिरतात म्हणून ढग जातात.

याच्या जोडीला विमानं होती. आमच्या आभाळातून उंचावरून विमानं जातात, मागे पांढरी रेघ सोडतात. ती रेघ म्हणजे ढग मारायचं औषध, असं सगळ्या पारावर मान्य होतं. मी एकदा वहिनीला समजावायला बसले. तिचं आठ एकर आहे, बहुतेक कपाशी, आणि नवरा गेल्यापासून ती स्वतः वाहते. तिला मूर्ख म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"विमानातून ढग पळवता येत नाहीत, वहिनी."

"काहून नाई? सरकारच सांगते ना पेपरात, विमानानं पाऊस पाडून राह्यलो म्हनून. पाडता येते तं पळवता नाई येत?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला मला जेवढी वाक्यं लागली तेवढ्यात ती चहा पिऊन उठली.

माझे वडील तहसील कार्यालयात कारकून होते. आमच्या घरात सरकार म्हणजे त्यांचा इस्त्रीचा सदरा आणि वेळेवर जेवायला न येणं. त्यामुळे सरकारच्या मनात गावाविरुद्ध काही डाव असेल, हे मला कधी खरं वाटलं नाही. डाव करायला जेवढी शिस्त लागते तेवढी मी त्या कार्यालयात कधी पाहिली नव्हती. पण वहिनीचा अनुभव वेगळा आहे आणि तोही खोटा नाही. बोंडअळी येत नाही असं सांगून तिला बियाणं दिलं. काही वर्षं आली नाही. मग आली, आणि अशी आली की हिरवीगार बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. वहिनी कृषी कार्यालयात गेली. तिथे तिला विचारलं, मुख्य पाकिटाबरोबर छोटं पाकीट येतं, त्यातलं अळीसाठी राखायचं साधं बी बांधाच्या कडेने लावलं होतं का? तिने लावलं होतं. उगवलंच नव्हतं. "मंग तुमच्या लावन्यात चूक झाली," असं सांगून तिला परत पाठवलं. त्या दिवसापासून कुठल्याही साहेबाचं बोलणं ती एका विशिष्ट पद्धतीने ऐकते: पदर तोंडाशी धरून, मान हलवत, एक अक्षर मनात न घेता.

गुरुवारी मिस्त्री आला. त्याचं दुकान बसस्टँडजवळ. वडिलांच्या वेळेपासूनचं. तेलाची इंजिनं, मोटारी, आणि हल्ली फवारणीचे पंप. पंचक्रोशीतली फवारणी त्याच्या हातावर चालायची. यंत्र बसवणाऱ्यांनी त्याला एक किरकोळ काम दिलं होतं: महिन्यातून एकदा वरची सौर पट्टी पुसायची आणि नरसाळ्यातला कचरा काढायचा. तो माझ्याकडे आला.

"बाई, त्या डब्यात निंबाचा पाला कुठून आला? झाड तं तिकडं हाये, गेटापाशी."

"काल धोंडी आली होती."

"मशीनवर?" तो हसला. "बरं झालं. मशीनले आंघोळ झाली. मीच दोन दिवसांपासून केली नाई."

त्याने डब्याचं बाजूचं झाकण उघडलं, पाला काढला, आतला भाग कापडाने पुसला. दिलेल्या नंबरवर फोन करून सांगितलंही की पाणी गेलेलं दिसतंय. पलीकडच्या मुलाने विचारलं, साफ केलं का? केलं. मग झालं, ठेवा. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो.

याच वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी त्याचा फोटो काढला. झाकण उघडं, मिस्त्रीचा हात कोपरापर्यंत आत.

तो फोटो महिनाभर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये शांत पडून होता. मग ग्रामपंचायतीत कृषी सहायक आला आणि म्हणाला की पावसाचा सलग खंड पडलेल्या महसूल मंडळांना पीकविम्याची आगाऊ मदत मिळणार आहे. महसूल मंडळ म्हणजे आसपासची काही गावं मिळून एक. शेजारचं मंडळ यादीत होतं. आमचं नव्हतं. लोकांनी विचारलं, काहून? तिकडं अन् इकडं का येगळं आभाळ हाये? तो म्हणाला, तुमच्या यंत्रात मधेच एका दिवशी जोराचा पाऊस नोंदलेला आहे. खंड तुटला.

कोणता दिवस, विचारलं. श्रावणातला तो बुधवार.

त्या बुधवारी पाऊस नव्हता हे पोरासोरांना माहीत होतं, कारण त्याच दिवशी धोंडी होती. म्हणजे यंत्र खोटं बोललं. इथपर्यंत गाव बरोबर होतं. संध्याकाळी फोटो बाहेर आला. खाली मजकूर: ढग पळवणाऱ्या मशीनचा माणूस रंगेहात. बुधवारचा पाऊस असा घातला. फोटो गुरुवारचा होता, पण फोटोवर वार लिहिलेला नसतो.

मला जेवता जेवता समजलं. घास हातात राहिला. बुधवार. नरसाळं. तांबे आणि कळश्या. मी लगेच उठून वहिनीकडे गेले. अंगणात तिचा एक उघडा डबा होता, तो पुढे ओढला.

"वहिनी, दिवसभर झड लागली तर या डब्यात किती पाणी साचेल?"

"साचन बोट-दीड बोट."

मी तिच्या माठातला तांब्या त्यात ओतला. डबा अर्धा भरला. "यंत्राला तांब्या आणि आभाळ यातला फरक कळत नाही. डब्यात आलं ते पाऊस. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या दिवशी आमच्या मंडळात पाऊस पाडला."

वहिनी डब्याकडे पाहत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणाली आणि डबा उपडा केला.

मी कामाला लागले. एखादी चूक कुठे झाली हे सापडलं की ती दुरुस्त होते, असा माझा नोकरीभरचा समज. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तालुक्याला गेले. संबंधित साहेब भेटले, बसायला खुर्ची दिली, ऐकूनही घेतलं. मी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं. ते म्हणाले, नोंद वरून येते, इथून बदलत नाही. मी म्हटलं, वर कळवा. ते म्हणाले, कळवतो, पण मग तुम्ही म्हणता ते लेखी द्या. पाणी कुणी ओतलं त्यांची नावं द्या. शासकीय यंत्राशी छेडछाड आहे, गुन्हा नोंदवावा लागेल. त्याशिवाय नोंद चुकीची कशी म्हणायची?

"त्यांनी पूजा केली साहेब, छेडछाड नाही."

"मॅडम, पूजेचा रकाना नाही आमच्याकडे."

ते चिडून बोलले नाहीत. खरोखरच नव्हता. मी त्यांना विचारलं की नावं न देता नुसतं यंत्र तपासायला माणूस पाठवता येईल का. म्हणाले, अर्ज द्या. दिला. पोच मागितली. शिक्का असलेला माणूस जेवायला गेला होता. एसटी सुटेपर्यंत तो आला नाही.

ज्यांना खरं हवं आहे म्हणतात त्यांनीच खऱ्याची किंमत एवढी वाढवून ठेवली, की गावात परत येऊन ते सांगायची सोय उरली नाही. तरी मी सांगितलं. गुन्हा हा शब्द गाळून सांगायला हवा होता असं मुख्याध्यापकांचं मत पडलं. पण अर्धंच सांगायचं म्हटलं तर माझ्यात आणि त्या पाटीत फरक काय? संध्याकाळपर्यंत धोंडीत असलेल्या सगळ्या बायांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी एकेकीला विचारलं. एक म्हणाली, मी तं मागं उभी होती. दुसरी म्हणाली, माझी कळशी रिकामीच होती. तिसरीला त्या बुधवारचं काही आठवत नव्हतं. ती बहुतेक माहेरी होती.

मिस्त्रीची थट्टा आधीच सुरू झाली होती. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणायचं, "का मिस्त्री, आज कोनाचे ढग पळवले?" तो म्हणायचा, "तुमच्याच वावरावरचे, दादा. माह्या घरचे पत्रे गळतात, मंग का करू?" लोक हसायचे. काही दिवस असं चाललं. मग एक दिवस त्याने तेच उत्तर दिलं आणि कोणी हसलं नाही.

ऐन फवारणीच्या दिवसांत त्याच्या दुकानासमोर पंपांची रांग असते. ती पातळ झाली. पंप दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावात जाऊ लागले. कोणी भांडलं नाही, दगड मारला नाही. फक्त पूर्वी जो मिस्त्री होता तो बोलण्यात 'ते लोक' झाला. कोणते लोक हे कोणी उलगडून सांगत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. पस्तीस-चाळीस वर्षं ज्याच्या घरची इंजिनं गावाच्या विहिरींवर धडधडली, तो कोणत्या मोहल्ल्यात राहतो हे गावाला अचानक आठवलं.

त्याने स्वतःच तोड काढली. सरपंचांना म्हणाला, "सगळ्यायले बोलवा. मशीन सगळ्यायसमोर उघडून दाखवतो. ढग पळवाचं काही निघालं तं माह्या दुकानाले कुलूप लावा." शनिवारी, शाळा सुटल्यावर, मैदानात गाव जमलं. मिस्त्रीने धुतलेला शर्ट घातला होता. त्याने पांढरा डबा उघडला. आत बोटभर लांबीची एक दुहेरी वाटी, लहान पोरांच्या सी-सॉसारखी. एका बाजूला पाणी साचलं की ती कलंडते, मग दुसरी बाजू वर येते. प्रत्येक कलंडण्याची मोजणी होते. त्याने बाटलीच्या झाकणाने थेंब थेंब पाणी सोडून दाखवलं. टक. टक. पुढे बसलेल्या पोरांना मजा वाटली.

"एवढंच?" एकाने विचारलं.

"एवढंच, दादा."

"बारा वर्साच्या पोट्ट्याच्या खेळन्यासारखं हाये हे. यानं का होनार?"

"तेच तं सांगून राह्यलो. यानं काई होत नाई."

मला वाटलं, झालं. तेवढ्यात मागून एक म्हातारे म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "असली पार्ट काढून ठेवला असन."

आणि मैदानभर एक 'हां' फिरला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. कोडं सुटल्यावर माणसं करतात तसा समाधानाचा आवाज. यंत्रात काही निघालं असतं तर ते पुरावा होतं. काही निघालं नाही, हा त्याहून पक्का पुरावा झाला. मिस्त्रीने झाकण हातात धरलं होतं, ते लावायचं त्याला सुचेना.

मी उभी राहिले आणि धोंडीच्या पाण्याचं सांगितलं. कुणाचं नाव न घेता, पण सगळं. बोलताना मी वहिनीकडे पाहत होते. ती बायांच्या घोळक्यात होती, पदर तोंडाशी. म्हातारे म्हणाले, "म्हंजे आता धोंडीनं पाऊस पडत नाई, धोंडीनं इमा बुडते?" हशा झाला. एक तरुण शेतकरी म्हणाला, "बाई, तुमी मानूस चांगल्या. पन तुमचा पगार कुठून येते?" पगार तिथूनच येतो.

काही तांबे-कळश्या पाण्याने अख्ख्या मंडळाचा विमा गेला, हे खरं होतं आणि ते त्या मैदानात सर्वांत अविश्वसनीय वाक्य होतं. विमान, औषध, विमा कंपनी, मुंबईतले साहेब, यांच्यासमोर ते फारच लहान दिसत होतं. एवढ्या मोठ्या नुकसानीला एवढं लहान कारण लोकांना अपमानासारखं वाटलं. मलाही ते बसवून घ्यायला वेळ लागला. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा हिशेबात धरली नव्हती. ती वहिनीने मला रविवारी सांगितली, चुलीपाशी, भाकरी थापताना.

"मले त्याच दिवशी समजलं होतं बाई. तुमी डब्यात पानी ओतलं तेव्हाच."

"मग काल मैदानात का नाही बोललात?"

"कायले बोलू?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "पयला तांब्या माहा होता. मी बोलली असती तं उद्यापासून इमा कोनी बुडवला? सरकारनं नाई, मिस्त्रीनं नाई. या बाईनं. पोलीस एक डाव येऊन जाईन. गाव तं रोज हाये."

"आणि मिस्त्री?"

"त्याचंच वाईट वाटते. माहा पंप त्यानं दोनदा फुकट करून देल्ला." ती भाकरी उलटत राहिली. "तो मानूस हाये, सोशीन. बाईले गाव किती सोसू देते, तुमाले मालूम नाई का?"

मी ताट तसंच ठेवून उठले. तिचा राग आला होता आणि तिचं चुकलंय असं ठामपणे म्हणताही येत नव्हतं. वर्षानुवर्षं प्रत्येक कार्यालयाने तिला एकच गोष्ट शिकवली: चूक कबूल करणाऱ्याच्या गळ्यात ती कायमची पडते. बियाणं उगवलं नाही तरी चूक तिचीच निघाली होती. आता खरंच तिच्या हातून काही झालं होतं, आणि ते सांगेल अशी अपेक्षा करणारी मी एकटीच होते.

दसऱ्याच्या आधी मिस्त्रीने दुकानाचं शटर ओढलं आणि नेरला मेहुण्याच्या गॅरेजात जाऊन बसला. आई गावातच राहिली. यंत्राला कोणीतरी बारदाना गुंडाळला. तो मी शिपायाकडून काढवला. पुन्हा गुंडाळला गेला. यंत्र तपासायला माणूस आलाच नाही. माझ्या अर्जाचं काय झालं हे विचारायला मी दोनदा गेले. एकदा साहेब बदलले होते, दुसऱ्यांदा कार्यालय बदललं होतं.

दिवाळीनंतर मी नेरला गेले. एसटी स्टँडवर उतरून गॅरेज शोधलं. मिस्त्री ट्रॅक्टरच्या चाकाजवळ बसला होता. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, गावातल्या कोणाचा पंप कसा चालतो ते विचारलं. मी म्हटलं, मी लेखी देते, माझ्या सहीने, की तुम्ही बुधवारी गावात नव्हता आणि पाणी धोंडीचं होतं. तलाठ्याकडे देते, पोलीस पाटलाकडे देते.

"कागद नको बाई," तो म्हणाला. "कागद मी कोनाले दाखवू? गावानं तोंडानं म्हटलं ना, मंग तोंडानंच मागं घ्या. ग्रामसभेत एकानं उठून म्हनावं, मिस्त्रीनं काई केलं नाई. बस. तुमी नाई. तुमी म्हनून झालं. ज्यायनं पानी ओतलं त्यायच्यापैकी एकानं."

"म्हटलं तर याल परत?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "अम्मी तिथं हाये. दुकान बापाचं हाये. मी का इथं शौकानं बसलो?"

परतीच्या एसटीत मी विषय लिहून काढला: शाळेतील हवामान यंत्राबाबत ग्रामस्थांचा गैरसमज दूर करणे. ग्रामसेवकांनी तो विषयपत्रिकेत घेतला. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. दुसऱ्या सभेला माणसं पुरेशी होती, पण घरकुलाच्या यादीवर भांडण झालं आणि तोवर अर्धे उठून गेले. वहिनी त्या दिवशी मारेगावला बहिणीकडे गेली होती. ती खरंच गेली होती. मी चौकशी केली. मधल्या काळात दोन बाया माझ्याकडे आपणहून येऊन म्हणाल्या की हो, आमीनं ओतलं होतं, पन वहिनी उठली तं आमी उठू. पयला तांब्या तिचा.

मिस्त्रीच्या आईचं आता रात्रंदिवस एकच, की पोरगा कधी येणार. ती मला रस्त्यात धरते. मी तिला सांगते, सभा होऊ द्या. त्या बाईने आयुष्यात सरकारकडून रेशनशिवाय काही मागितलेलं नाही, आणि आता तिचा मुलगा ग्रामसभेच्या गणपूर्तीवर अडला आहे.

पुढच्या सभेची सूचना काल चावडीवर लागली. आमचा विषय सगळ्यांत खाली आहे, म्हणजे तो येईपर्यंत निम्मी माणसं गेलेली असतील. तो वर घ्यायला ग्रामसेवकांना उद्या सकाळी सांगायचं आहे. वहिनीला सभेला सोबत घेऊन जायचं आहे, आणि तिथे तिने उठायचं आहे. मी तिला परवाही विचारलं. ती कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होती. म्हणाली, पाहू. अजून हो म्हणालेली नाही.